मामांच्या कपाळावरची नागीण

हसणार असाल तर आधी चहाचा कप खाली ठेवा, मग सांगते. माझ्या हातून झालेला हा घोळ लोहारा तालुक्यातल्या निम्म्या लोकांना माहीत आहे आणि उरलेल्या निम्म्यांना मामीनं गाठून गाठून सांगितलाय. तेव्हा तुम्ही तरी माझ्याच तोंडून ऐका.

मी उमरग्यात शाळेवर विज्ञान शिकवते. पंचवीस वर्षं झाली. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला एक रोग जडतो, तो कुठल्या पुस्तकात नाही. दिसेल त्याला धरून समजावून सांगायचं! भाजीवालीला रक्तदाब, कंडक्टरला मधुमेह आणि नवऱ्याला सगळंच. नवरा आता मान हलवतो आणि टीव्हीचा आवाज वाढवतो.

तर झालं काय, माझ्या आजोळी, लोहाऱ्याजवळच्या गावात, बचत गटाच्या बायकांनी मला बोलायला बोलावलं. विषय होता नेहमीचे आजार. मी ताप, खोकला, साखर असं करत करत नागिणीवर आले. अंगाच्या एका बाजूला पाण्याचे फोड येतात, आग होते, ठणका लागतो, ती नागीण. मी फळ्यावर चित्र काढून सांगितलं, की बायांनो, लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या तरी तो विषाणू अंग सोडत नाही. नसेच्या मुळाशी झोपून राहतो. वय झालं, अंगातली ताकद कमी झाली, की उठतो आणि त्या एकाच नसेच्या वाटेनं बाहेर येतो. कुणी सापाच्या सावलीवर पाय दिला म्हणून येत नाही.

"मंग त्याला नागीण का म्हणत्यात?" एकीनं विचारलं.

"तेच चुकतंय," मी म्हणाले. "आजपासून कुणी म्हणायचं नाही. नागीण म्हणजे साप. आजाराला हर्पीस म्हणायचं. म्हणा बघू."

सगळ्या बायका शाळेतल्यासारख्या एका सुरात "हरपीस" म्हणाल्या. पहिल्या रांगेत बसलेली माझी शेवंतामामी सगळ्यात मोठ्यानं म्हणाली. मला किती समाधान वाटलं म्हणून सांगू! एका दुपारी गावाची भाषा सुधारून मी घरी आले.

चार दिवसांनी शनिवार होता. सकाळची शाळा सुटली आणि मामीचा फोन आला.

"सुनी, मामाला नागीण निघालीया बघ."

आता तुम्हीच सांगा, मला काय ऐकू येणार? त्या शब्दाचा निकाल मीच तर लावून आले होते.

"कुठं निघाली?"

"वरल्या अंगाला. उजवीकडं."

म्हणजे आढ्याला. मामांच्या घरी उजव्या भिंतीच्या वर, पत्र्याखाली फट आहे, ती माझ्या डोळ्यांसमोर आली.

"केवढी आहे?"

"काल बोटभर व्हती. आज लई लांबलीया."

कालपासून घरात नागीण आहे आणि ही बाई आज फोन करते!

"मामी, मामा कुठं आहेत?"

"हितंच, बाजंवर. डोळ्याजवळ आलीया आता."

"त्यांना सांग, अजिबात हलू नका. आणि काठीनं कुणी मारायला जाऊ नका."

"मामाला काठीनं कशाला मारतील गं?"

"मामांना नाही, नागिणीला."

"आगं, पर ती मामाच्या अंगावरच हाय न्हवं."

"चावली का?"

"चावल्यावानीच करतीया. आग आग व्हतीया म्हणत्यात."

मी फोन ठेवला आणि तशीच धावले. हायवेला रफिकभाईंचं वेल्डिंगचं दुकान आहे. वेल्डिंग पोटासाठी आणि साप पकडणं हौसेसाठी, असा माणूस. कुणाच्याही घरात साप निघाला की आधी रफिकभाईंना फोन जातो. मी सांगितल्याबरोबर त्यांनी हातातलं काम टाकलं, हुक घेतला, झाकणाला भोकं पाडलेली प्लास्टिकची मोठी बरणी घेतली आणि पिकअप बाहेर काढली.

वाटेत मी सरकारी दवाखान्यात फोन करून सापाच्या विषावरचं इंजेक्शन तयार ठेवायला सांगितलं. सिस्टरनं विचारलं, "नाग की घोणस?" मी म्हणाले, "नागीण. मादी." मग उरलेल्या रस्त्यात रफिकभाईंना नागाचं विष कसं काम करतं ते समजावून सांगितलं. वीस वर्षं साप पकडणारा माणूस, बिचारा गाडी चालवत ऐकत होता.

गावात पोचलो तर मामांच्या दारात ही गर्दी. रफिकभाईंनी सगळ्यांना मागं सारलं, चपला काढल्या आणि पाऊल न वाजवता आत गेले. मी त्यांच्या मागं, हातात उघडी बरणी. खिडकीत दहा डोकी.

मामा बाजेवर उताणे. तोंडावर टॉवेल. हात सरळ, पाय सरळ, हालचाल नाही. माझ्या मनात नको नको ते आलं.

एवढ्यात मामी चहा घेऊन आली आणि रफिकभाईंचा हुक बघून तिचा चेहरा खुलला.

"आणलास ना शेवटी मंतर घालनारा? मला म्हनत व्हतीस, असलं काय करू नका. घ्या दादा, आदी चहा घ्या."

"मामी, शू! आवाज करू नको."

रफिकभाईंनी हुकानं टॉवेलाचं टोक धरलं आणि अलगद उचललं. मी बरणी पुढं केली.

टॉवेलाखाली मामांचं तोंड. डावा डोळा आमच्याकडं टकामका बघतोय. उजवा लालभडक, सुजलेला, पाणी गळतंय. आणि कपाळाच्या उजव्या बाजूला, केसांपासून पापणीपर्यंत, पाण्याच्या फोडांची ओळ.

मामा ओठ न हलवता म्हणाले, "सुने, आता हाललं तर चालंल का? दीड तास झाला."

रफिकभाईंनी हुक खाली ठेवला. कपाळाकडं नीट बघितलं. मग माझ्या हातातली बरणी घेतली आणि तिचं झाकण लावलं.

"मॅडम, ये नागीन आपने बरनी में आने की नै. हमारी अम्मी को बी यहीच निकली थी. ह्याला डॉक्टर पायजे. डोळ्याजवळ हाय, म्हणजे डोळ्याचा डॉक्टर पायजे. अन् आत्ताच."

खिडकीतली दहा डोकी माझ्याकडं वळली. चार दिवसांपूर्वी मी ज्यांना "म्हणा बघू" म्हणाले होते, त्यातल्या सहा तर नक्कीच होत्या.

"मामी, मग फोनवर नागीण का म्हणालीस?"

"ते हरपीस तोंडात बसंना गं. म्हनलं, सुनी शिकलेली हाय, तिला नागीण म्हनल्यावर बी कळंल."



पण खरं सांगते, तेव्हा लाज वाटायलाही सवड नव्हती. कपाळावरची नागीण डोळ्यात उतरली तर नजर जाऊ शकते, हे मला ठाऊक होतं, आणि माझे मामा मेंढरं राखतात. अर्ध्या मैलावरून, धुळीतून, कुठलं मेंढरू लंगडतंय आणि कुठलं दुसऱ्याच्या कळपात शिरलंय, ते नुसत्या नजरेनं सांगतात. त्या माणसाचा एक डोळा जाणं म्हणजे काय, ते त्या बाजेजवळ उभं राहून मला कळत होतं.

मामी मात्र गेरूची वाटी घेऊन तयार होती. शेजारच्या गावचा मंत्रवाला संध्याकाळी येणार होता.

"गेरू लावू दे की गं. फोड वाळत्यात. दोन्हीकडनं येऊन तोंड नि शेपूट जुळलं तर मानूस हातचा जातोय."

"मामी, ती एका बाजूच्या एका नसेवर असते. दुसऱ्या बाजूला जातच नाही, मग जुळेल कुठनं? आणि गेरूनं फोडात घाण जाईल."

"तूच शिकवलंस, नागीण म्हंजी साप. आता म्हनतीस, नस."

तिचंही बरोबर होतं. शेवटी मामाच उठून बसले. "शेवंते, ती वाटी ठेव. सापवाला मानूस सोता म्हनतोय डॉक्टर दावा, मंग दावायलाच पायजे."

बघा. पंचवीस वर्षं विज्ञान शिकवणाऱ्या भाचीचं नाही, सापवाल्याचं ऐकलं. पण ऐकलं! मी तेवढ्यावर खूश.

पिकअप दारातच उभी होती. तासाभरात आम्ही उमरग्यात, डोळ्यांच्या दवाखान्यात. जाताना सिस्टरला फोन करून इंजेक्शन नको म्हणून सांगितलं. तिनं विचारलं, "नागीण सापडली का?" मी हो म्हणाले. खोटं तर नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी मशीनवर मामांचा डोळा तपासला, बराच वेळ तपासला. मामी माझा हात आवळून उभी. मग त्या म्हणाल्या, "बुबुळाला अजून धक्का नाही. फोड कधी आले?"

"काल सकाळी," मामा म्हणाले.

"फार चांगलं केलंत. या गोळ्या पहिल्या तीन दिवसांत सुरू झाल्या की चांगला गुण येतो. आमच्याकडं लोक आठवडाभर लेप लावून मग येतात. तुम्ही एवढ्या लवकर कसे आलात?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. रफिकभाई घसा खाकरून म्हणाले, "मॅडम, आमी साप धरायला गेलो होतो."

डॉक्टरीणबाई आधी समजल्या नाहीत. समजल्यावर त्यांना खुर्चीत बसावं लागलं.

पण मला सांगा, मामीचं म्हणणं मला बरोबर कळलं असतं तर काय झालं असतं? मी फोनवर अर्धा तास विषाणू समजावून सांगितला असता आणि "उद्या एसटीनं येते, तोवर पाणी उकळून प्या" म्हणाले असते. आजार म्हटलं की आपण उद्यावर टाकतो. साप म्हटलं म्हणून त्या दिवशी गाडी पळाली. माझ्या अडाणीपणानं माझ्या शहाणपणापेक्षा चांगलं काम केलं, आणि हे कबूल करताना मला अजिबात वाईट वाटत नाही.

मामांनी दिवसातून पाच वेळा गोळ्या घेतल्या, डोळ्यात थेंब घातले. फोड वाळले. ठणका पुढं महिनाभर राहिला, पण डोळा वाचला. पूर्ण वाचला.

दोन महिन्यांनी बचत गटाच्या बायकांनी पुन्हा बोलावलं. फोनवर म्हणाल्या, "मॅडम, नागिणीवरच कार्यक्रम हाय, तुमी यायलाच पायजे." मी सात पानं भाषण लिहिलं. नवी साडी नेसले. सत्कार होणार, हे उघडच होतं. एवढा डोळा वाचवला म्हटल्यावर!

समाजमंदिराच्या दारात फळा लावला होता. मामा-मामी आणि मी अजून पार रस्त्यापलीकडं होतो. मी चष्मा शोधायला पर्स उघडली तर मामांनी मला थांबवलं.

"थांब. म्या वाचतो."

आणि त्यांनी तळहातानं डावा डोळा झाकला. उजव्या डोळ्यानं, एक एक अक्षर लावत, रस्त्यापलीकडून वाचायला लागले. "आरोग्य मार्गदर्शन. विषय, नागीण." एकही अक्षर न चुकता! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मामीनं तर तिथंच, रस्त्यात, हात जोडले.

"वक्ते," मामा पुढं वाचत होते, "रफिकभाई वेल्डिंगवाले. सत्कार, रफिकभाई वेल्डिंगवाले."

"आणि माझं नाव?"

मामांनी मान जरा पुढं काढली. "हाय की. एकदम खाली, लई बारीक अक्षर हाय, पर दिसतंय मला. आभार, सुनीता मॅडम." मग डोळा आणखी बारीक केला. "आन फुडं कंसात लिवलंय, फकस्त दोन मिनिटं."