गयाचा पाय

मी ओसरीवर पालथी पडले होते आणि माझी धाकटी जाऊ गया माझ्या पाठीवर पाय ठेवून उभी होती. दोन खांद्यांच्या मधे कुणी कुऱ्हाड घालावी तशी कळ आली होती. उसण भरली, असं मीच ठरवलं. गया पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेली. अशा माणसाने पाठीला लाथ दिली की उसण जाते, असं आमच्याकडे मानतात. लांबून लोक तिच्याकडे वाकडे होऊन यायचे आणि चहा पिऊन सरळ होऊन जायचे.

"दे गं जोरात," मी ओरडले. तिने दिली. कळ तिथून निघाली आणि कण्यालगत फाडत कमरेपर्यंत उतरली. मी तसं सांगितलं. गयाने चटका बसल्यागत पाय मागे घेतला.

"आक्का, उसण एका जागी बसती. ही तर चालायलीय."

"मग आणखी एक दे."

"आता न्हाई. गाडी बोलावते."

गया गेल्याला आता महिना होत आला. लोक येऊन ती किती मायाळू होती ते सांगतात. मायाळू वगैरे काही नव्हती. हट्टी होती, चहात साखर लई घालायची, आणि एकदा नाही म्हणाली की नाही. माझ्या पाठीत कळ आली त्या दिवशी आमची मुलं-सुना ऊसतोडीला गेलेली. दारात जमलेल्या बायका हसल्या, "गयाबाई, भ्याली व्हय गं?" तिने ऐकलं नाही. तेलगावच्या सलीम मिस्त्रीला जीप घेऊन बोलावलं आणि माझं डोकं मांडीवर घेऊन बसली. सलीम म्हणाला, "मावशी, हलू नका. शिव्या द्यायच्या तर मला द्या." मी दिल्या. बीडपर्यंत पुरल्या.

बीडला मशीनमध्ये घालून छातीचा फोटो काढला आणि लगेच संभाजीनगरला पाठवलं. काळजातून निघून पाठीमागून खाली उतरणारी मोठी रक्तनळी आतल्या बाजूने फाटली होती. रक्त बाहेरच्या पापुद्र्यापर्यंत आलं होतं. तो फुटला तर मी संपले. डॉक्टर गयाला म्हणाले, छाती उघडायची नाही. मांडीच्या नसेतून कापड लावलेली जाळीची नळी मिटवून वर न्यायची आणि फाटलं आहे तिथे उघडायची. मग रक्त तिच्यातून वाहील. पण यात कधी पायातली ताकद जाते, कधी माणूसही जातं.

"घरचं कोण आहे?"

"मीच हाय. करा."

शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आजी, पाय हलवा." मी दोन्ही हलवले. मांडीला बोटाएवढी चीर बघून मला वाटलं, यांनी काही केलंच नाही. गया मात्र डॉक्टरांना धरून बसली... "साहेब, माझ्या लाथंनं फाटलं का?"

"नाही हो. बीपीनं फाटलं. लाथेच्या आधीच फाटलं होतं."

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "बीपीला कुठं पाय असतो? पाय मला हाय."

त्यानंतर तिने कुणाच्या पाठीला पाय लावला नाही. कुणी वाकत आलं की म्हणायची, "दवाखान्यात जा, फोटो काढ." लोक चिडवायचे, "पायाळीण गेली, डाक्टरीण आली." एकाने खरंच फोटो काढला, तर मुतखडा निघाला. तो तिला पेढे देऊन गेला. तिने ते खाल्ले, पण पाय काही उचलला नाही. तिने पाय मागे घेतला म्हणून मी वेळेत पोचले, हे मी तिला सांगून दमले. तिला लाथ तेवढी आठवायची.

शेवटी निमोनिया झाला तेव्हा धाप लागलेली असतानाही तिने तेच काढलं.

"आक्का, खरं सांग... माझ्या पायानं न्हाई ना?"

"न्हाई म्हणलं ना."

"आन् असंल तर?"

"असंल तर असंल. मी जित्ती हाय की."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हां, हायस खरी." आणि कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. माझ्याहून लहान होती. मी जगले.