गुमास्ता काढायला मी गेलो तेव्हा

बायकोनं घरसफाईचा धंदा काढायचं ठरवलं आणि कागदपत्रांचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. पण आयुष्यभर मास्तरकी केलेल्या माणसाला निवृत्तीनंतर वाटू लागतं, की सरकारी कचेऱ्या आपली वाटच पाहत असतील.

धंद्यात बायको आणि तिच्या बचत गटातल्या तिघी, अशा चौघीजणी. डॉक्टर मंडळींच्या एका सोसायटीत दिवाळीआधीच्या सफाईचं काम जवळपास ठरलेलं. सेक्रेटरींची अट एकच होती: धंद्याची नोंदणी आणि प्रत्येकीची पोलीस पडताळणी सोमवारपर्यंत दाखवा, नाहीतर काम नागपूरच्या एजन्सीला. ह्या कामाच्या भरवशावर चौघींनी मोठं व्हॅक्युम क्लीनर आधीच घेऊन ठेवलं होतं. ते आमच्या दिवाणखान्यात बसलं होतं, पाहुण्यासारखं.

मी इस्त्रीचा शर्ट घालून थेट नगरपरिषद गाठली. "गुमास्ता काढायचाय," म्हटलं, म्हणजे दुकान-धंद्याचा परवाना. खिडकीतल्या बाबूनं पत्ता वाचला.

"काका, सिंदी मेघे तं ग्रामपंचायतीत येते. तुमी घरटॅक्स कुठी भरता?"

आता हे मला काय माहीत? घरटॅक्स बायको भरते. इतकी वर्षं मी जगाला 'वर्ध्याला असतो' असं सांगत आलो आणि शहर माझ्या घराच्या अलीकडेच संपतं, हे मला त्या खिडकीत कळलं.

"आन गुमास्ता इथं नाई भेटत जी," तो म्हणाला. "कामगार खात्याचं काम हाये. ऑनलाइन करा."

तिथून सेतू केंद्रात गेलो. तिथली मुलगी भराभरा अर्ज भरत होती. कामगार किती, ह्या रकान्याशी ती थांबली. चार म्हणायला माझी जीभ रेटेना. नागपूरच्या एजन्सीपुढे चार म्हणजे काय! मी म्हणालो, "अकरा."

"काका, नक्की अकरा?"

"लिही, पोरी."

दहाच्या आत माणसं असली तर खात्याला नुसतं कळवायचं असतं, पावती मिळाली की झालं. दहा किंवा वर गेली की रीतसर नोंदणी, आणखी कागद, आणखी तपासणी. हे मला अर्ज अडकल्यावर समजलं. तेव्हा शुक्रवार होता.

घरी येऊन सांगितलं. बायको पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"अकरा कोण हायेत?"

"तुम्ही चौघी, मी, तुझा भाऊ, सामान नेणारा ऑटोवाला..." मी ओढत ओढत तिच्या आईपर्यंत पोचलो.

"माही माय! गुडघे बदलून बसली हाये थे. थे कोणाचे पंखे पुसनार?"

मला वाटलं, आता लाटणं येतं. पण ती हसत सुटली, इतकी की ओट्याला धरून उभी राहिली. मग हात धुतले आणि त्याच पावली सेतू केंद्रात गेली. माझा अर्ज मागं घेतला, खरा आकडा टाकून नवा केला आणि पावती घेऊन आली. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखलाही आणला. तिथं तिला सगळे ओळखतात. छोट्या धंद्यांची सरकारी 'उद्यम' नोंदणी फुकट होते, हेही तिनंच शोधलं. मी फॉर्म भरून देणाऱ्या एका दुकानात तिचा भाव घासाघीस करून अर्ध्यावर आणला होता आणि त्या आनंदात होतो.

उरली पोलीस पडताळणी. ठाण्यात समक्ष बोलावलं, तर तिघींतली एक पायरीशीच अडली. "मी नाई येत वं ताई. वस्तीत लोक काय म्हणतीन?"

"काऊन भेतं? पोलीस आपल्यामागं नाई लागले. आपणच त्याईच्या मागं लागून राह्यलो. पाहा म्हणा आमचं काय पाह्यचं थे!"

असं म्हणून बायको आधी आत शिरली. माझ्या सगळ्या नोकरीत मी कुणाची भीती अशी एका वाक्यात काढू शकलो नाही. मी छडीवर भागवत आलो.

हवालदारानं विचारलं, "कोणावर केस आहे का?"

"नवऱ्यावर कराची हाये," बायको म्हणाली. "पण सोमवारनंतर."

ती अडलेली बाई खुदकन हसली आणि पुढची सही तिनंच केली.

सोमवारी दुपारी शेवटचा दाखला हातात पडला. सेक्रेटरींनी कागद चाळले. "फक्त चौघी?"

"चौघीच. पण चौघींचीबी चौकशी झाली. तुमच्या सोसायटीत किती जणाईची झाली?"

सेक्रेटरी हसले, आणि त्यांनी कामाच्या करारावर सही केली.

पहिल्या दिवशी बादल्या आणि ते व्हॅक्युम क्लीनर घेऊन मीही निघालो. वॉचमननं चौघींची नावं यादीत पाहून त्यांना आत सोडलं आणि माझ्यापुढे हात आडवा धरला. "तुमची पडताळणी?"

मी मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. तिनं माझ्या हातातल्या बादल्या घेतल्या, एकीनं मशीन घेतलं.

"बरोबर हाये त्याईचं," ती वॉचमनला म्हणाली. "बिना कागदाचा माणूस आत नोका सोडू."

मी फाटकाबाहेर उभा राहिलो. वर तिसऱ्या मजल्याच्या उघड्या व्हरांड्यात एक डॉक्टरीणबाई दार उघडून थांबल्या होत्या. त्यांनी घराची किल्ली बायकोच्या हातात ठेवली आणि मागं वळूनही न पाहता ड्युटीला निघून गेल्या.