खरं, आणि एका ओळीत

“खरं सांग, आणि एका ओळीत मावेल एवढंच सांग.”

आमच्या शाळेतला दिवस बाईंच्या या वाक्याने सुरू व्हायचा. हजेरी झाली की बाई नवा खडू घेत, मधोमध मोडत, एक तुकडा सुताराच्या पेन्सिलीसारखा कानावर अडकवत आणि दुसरा हातात धरून पोरांकडे वळत. मग एकेक पोर उठून काल घरी काय झालं ते सांगे. बाई ते फळ्यावर लिहीत. सगळा वर्ग ते मोठ्याने वाचे आणि नंतर पाटीवर उतरवून घेई. पाठ्यपुस्तक यानंतर उघडायचं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सिद्धगडाच्या पायथ्याकडच्या एका वाडीवर आमची दोन शिक्षकांची शाळा होती. तिसरी-चौथी माझ्याकडे, पहिली-दुसरी बाईंकडे. मध्ये भिंत होती, पण ती छपरापर्यंत पोचत नव्हती. त्यामुळे बाईंचा वर्ग मी रोज ऐकला. तुम्हीही अशा बाई कुठेतरी पाहिल्या असतील. किडकिडीत, चष्म्याच्या दांडीला दोरा बांधलेला, आवाज कधी चढत नाही आणि कौतुक “चालेल” या शब्दापुढे जात नाही. बाईंचं घर शहापूरला. आठवडाभर त्या धसईला खोली घेऊन राहायच्या आणि शनिवारी शाळा सुटली की घरी जायच्या. बदलीसाठी त्या दरवर्षी अर्ज करत. दरवर्षी बदली दुसऱ्याच कोणाची तरी होई.

पोरांची घरची बोली वेगळी आणि पुस्तकाची वेगळी. बाईंनी त्यावर सोपा तोडगा काढला होता. पोराने सांगितलेलं वाक्य वर, जसंच्या तसं. खाली तेच वाक्य पुस्तकी मराठीत. वरची ओळ घरची, खालची शाळेची. एकदा पावसाळ्यात तपासणीला अधिकारी आले. फळ्यावर लिहिलं होतं, “आजीनी खेकडं पकारलं,” आणि खाली, “आजीने खेकडे पकडले.” साहेबांनी विचारलं, “बाई, हे काय?”

“वाचन,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी पोरांकडून दोन्ही ओळी वाचून घेतल्या. शेरेबुकात ‘वाचन समाधानकारक’ असं लिहिलं. मग खेकडे नेमके कुठल्या ओढ्यात मिळतात, ते तोंडी विचारून घेतलं.

दुसरीत एक मुलगी होती, ती बोलतच नसे. वाचायला सांगितलं तर ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. बाई रोज तिच्यापुढे थांबत, “खरं सांग, एका ओळीत,” म्हणत, जरा वेळ वाट पाहत आणि पुढे जात. पावसाळा गेला, दिवाळी गेली. बाईंनी तिला ना रागावलं, ना वगळलं.

भात झोडून झालं की वाडीतले पुरुष वीटभट्ट्यांवर कामाला जात आणि शिमग्याला परत येत. त्या वर्षी होळी पेटली, सगळे आले. धुळवडीनंतर शाळा उघडली, ती अर्धीच भरली होती. बाई त्या मुलीपुढे थांबल्या आणि मुलगी म्हणाली,

“बा आला नाय.”

भिंतीच्या अलीकडे मी फळ्यावर गुणाकार लिहीत होतो, तो थांबवला. बाईंनी ओळ लिहिली. खाली लिहिलं, “बाबा आले नाहीत.” वर्गाने दोन्ही वाचलं. बाई म्हणाल्या, “चालेल.”

दुसऱ्या दिवशी मुलगी पुन्हा तेच म्हणाली. तिसऱ्या दिवशीही. गप्प बसलेलं पोर बोलतंय म्हटल्यावर बाई तिला रोज पाळी देऊ लागल्या, आणि वाक्य खोटं नसल्याने बदलायचंही कारण नव्हतं. दुसरीची पोरं वाचायची म्हणजे ओरडायची. शाळेच्या खालीच ओढा. तिथे डोहावर बाया कपडे धुवायला बसत. होळीनंतर रोज सकाळी सगळी वाडी ऐकत होती: बा आला नाय.

एके दिवशी मुलीची आई ओल्या लुगड्यानिशी थेट वर्गाच्या दारात आली.

“बाई, ता पुसा.”

“काय झालं?”

“रोज आख्खी शाला माज्या नवऱ्याच्या नावानी बोंबालते. खाली बाया हासतात.”

बाईंनी फळ्याकडे पाहिलं. “खोटं आहे का?”

“खोटा नाय. म्हनून तं पुसा.”

बाईंनी पुसलं. तोपर्यंत वाक्य पाट्यांवर गेलेलं होतं. ते आईने पाहिलं आणि ती ओढ्याकडे उतरून गेली.

मधल्या सुट्टीत बाई मला म्हणाल्या, “गुरुजी, शनिवारी माझ्याबरोबर शहापूरला चला. तिकडच्या भट्टीवर तिचा बाप आहे म्हणतात. मी एकटी गेले तर मुकादम धड उत्तर द्यायचा नाही.” मी का म्हणून विचारलं. तेव्हा म्हणाल्या, “पोरगी एकाच वाक्यावर अडकलीय. नवीन शब्द येत नाहीत.”

हे त्या विनोदाने म्हणाल्या नव्हत्या.

शनिवारी सकाळची शाळा करून आम्ही धसईहून मुरबाड आणि तिथून शहापूरची एसटी धरली. वाटेत बाईंनी चिंचा खाल्ल्या, मला दिल्या आणि विषय काढला नाही. भट्टी गावाबाहेर होती. मुकादमाने माझ्याकडे बघून उत्तर दिलं, प्रश्न बाईंनीच विचारला होता. शेवटच्या झोपडीकडे त्याने बोट दाखवलं.

तो दारात बसून विटांचा साचा धूत होता. धडधाकट. आत चूल पेटलेली, चुलीपुढे एक बाई, तिच्या मांडीवर तान्हं मूल. काही विचारायची गरज उरली नव्हती. तो उठून उभा राहिला.

“मी तुमच्या मुलीची शिक्षिका,” बाई म्हणाल्या. “दुसरीत आहे. आता बोलते.”

“काय बोलते?”

“बा आला नाय. रोज.”

तो हातातल्या साच्याकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, “येल म्हनून सांगा.”

“खरं असेल तर सांगते.”

आत मूल रडायला लागलं. त्याने मागे वळून पाहिलं. “मंग नका सांगू.”

बाईंनी मान हलवली. निघताना त्याने आम्हाला पाणी दिलं, ते आम्ही प्यायलो. रस्त्याला लागेपर्यंत बाई पदराने चष्मा पुसत होत्या. धूळ होती, हेही खरंच आहे.

सोमवारी शाळा भरायच्या आधी बाई मुलीच्या घरी गेल्या. मी कुडाबाहेर उभा होतो. आई भाकरी थापत होती, ती थांबली नाही.

“माला ठावं व्हता,” ती म्हणाली. “पोरीला नव्हता.”

“तिला सांगायला हवं.”

“तुमीच सांगा. तुमीच वाचून घेता ना रोज.”

बाईंनी सांगितलं. शाळेच्या ओट्यावर मुलीला शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, “तुझा बा बरा आहे. कामावर आहे. पण घरी येणार नाही.”

“कवाच नाय?”

“ते मला माहीत नाही. आत्ता नाही.”

मुलगी पायाच्या अंगठ्याने माती उकरत बसली. मग तिने विचारलं, “त्याला खोकला हाय का आजून?”

बाईंना हा प्रश्न अपेक्षित नसावा. “मला ऐकू आला नाही,” त्या म्हणाल्या.

त्यानंतर आईने मुलीला शाळेत पाठवणं बंद केलं. बाईंनी निरोप धाडला नाही, हजेरीत नाव मात्र रोज पुकारलं. आठवडा उलटून गेला आणि एका सकाळी मुलगी आपणहून येऊन तिच्या जागेवर बसली. बाई खडू घेऊन तिच्यापुढे आल्या. नेहमीचं वाक्य त्यांना अर्धंच म्हणता आलं.

“खरं सांग...”

“बाचा खोकला गेला,” मुलगी म्हणाली.

आता खरं म्हणजे आम्ही तिथे थोडाच वेळ होतो आणि तेवढ्यात तो खोकला नव्हता, इतकंच आम्हाला ठाऊक. पण बाईंनी पुरावा मागितला नाही. लिहिलं. सवयीने खाली ‘बाबांचा’ एवढं लिहिलं, मग ते पुसून टाकलं आणि म्हणाल्या, “आज एकच ओळ पुरे. वाचा.”

पोरं ओरडली. खाली डोहावरची धोपटण्याची धपधप थांबली आणि जरा वेळाने पुन्हा सुरू झाली.

पुढच्या आठवड्यात मुलीच्या घरची शेळी व्याली. ‘व्याली’मधल्या जोडाक्षरावर बाईंनी अर्धा तास घालवला.

तो माणूस परत आला नाही. मुलगी चौथी झाली आणि आश्रमशाळेत गेली, चांगलं वाचत होती. पण त्याच्या आधीच, पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात, बाईंची बदली शहापूरकडे, भातसानगरजवळच्या शाळेत झाली. इतक्या वर्षांचे अर्ज एकदाचे पोचले होते.

निघायच्या दिवशी वाडीतली माणसं धसईच्या स्टँडवर आली. बाई कधी कोणाकडून काही घेत नसत, हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे बहुतेकजण रिकाम्या हाताने उभे होते. एसटी लागली, बाई चढल्या, खिडकीशी बसल्या. तेवढ्यात त्या मुलीची आई गर्दीतून पुढे आली. फळा पुसायला सांगितल्यापासून वर्षभर ती शाळेच्या ओट्यावर चढली नव्हती. तिच्या हातात पाय बांधलेली कोंबडी होती. तिने ती खिडकीतून आत दिली.

बाई म्हणाल्या, “अगं, मी नाही खात.”

“मंग पाला तिला,” आई म्हणाली.

बाईंनी कोंबडी मांडीवर घेतली. कंडक्टर काहीतरी बोलला, बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि तो पुढे गेला.

गाडी हलली. धूळ उडाली. कोंबडी खिडकीतून मान काढून वळणापर्यंत मागे बघत होती. बाई नाही.