गुरुवारचा बॅकअप

"बॅकअप आहे ना मॅडम, मग घाबरायचं कशाला?" सावंतसाहेब म्हणाले, आणि तेव्हा मी खरोखर घाबरले. माझ्या नोकरीत हे वाक्य ज्यांच्या तोंडून ऐकलं, त्यातल्या निम्म्यांकडे बॅकअप नव्हता.

मी मस्कतमधल्या एका कंपनीत डेटाबेस सांभाळत होते. डेटाबेस म्हणजे कम्प्युटरमध्ये नीट लावून ठेवलेली माहिती. ती गेली की सगळ्यांना माझं नाव आठवतं, शाबूत असली की कुणालाच नाही. घर तिथल्याच अल् घुब्रा भागात. वादी अदाई भागात एका खोलीत आपल्या लोकांची एक छोटी संस्था रक्तदात्यांची यादी कम्प्युटरवर ठेवायची. कुणाला रक्त लागलं की त्या गटाचे लोक यादीतून शोधायचे आणि फोन लावायचे. सावंतसाहेब तिचे सचिव. माणूस देवासारखा, पण कम्प्युटर म्हटलं की सगळा भरवसा माझ्यावर टाकून मोकळा.

आठवडाभर बंद असलेली खोली त्या शनिवारी उघडली, तर एसीचं पाणी थेट सीपीयूवर ठिबकलेलं. हार्ड डिस्क गेली होती. रूवी भागातल्या रिपेअरवाल्यानं ती कानाशी धरून हलवली आणि म्हणाला, "एक हफ्ता, इन्शाल्ला." म्हणजे कधी ते त्यालाही माहीत नव्हतं.

आणि समोरच्या खुर्चीत यूनुस बसला होता. दापोलीकडचा, सुतारकाम करणारा. त्याची बायको रेहाना हॉस्पिटलात, पहिलंच बाळंतपण, सोमवारी सिझेरियन. अवघड केस होती. तिचा गट ओ निगेटिव्ह. या गटाच्या माणसाला दुसऱ्या कुठल्याच गटाचं रक्त चालत नाही, आणि असे लोक आपल्यात फार थोडे. ब्लड बँकेत साठा कमी होता, म्हणून डॉक्टरांनी दोन डोनर तयार ठेवायला सांगितलं होतं.

बॅकअपची एक्स्टर्नल डिस्क मी माझ्या लॅपटॉपला लावली आणि रिस्टोअर सुरू केलं. रिस्टोअर म्हणजे बॅकअपमधून डेटा परत उभा करणं. ते कसलीही कुरकुर न करता झालं. मी शेवटची नोंद पाहिली आणि माझं डोकं फिरलं.

"साहेब, हा वर्षापूर्वीचा डेटा आहे."

"शक्यच नाही! दर शनिवारी मी स्वतः डिस्क लावतो. निळा लाईट लागतो की."

"लाईट लागला म्हणजे डिस्कला करंट मिळाला. बॅकअप झाला असं नाही."

"मग मी इतके दिवस काय करत होतो?"

"लाईट बघत होतात," मी म्हटलं. यूनुस ऐकत होता म्हणून आवाज खाली ठेवला.

झालं होतं असं. मी हा बॅकअप लावून दिला तेव्हा इथे सुट्टी गुरुवार-शुक्रवारची असायची. मंडळी गुरुवारी खोलीत जमत, तेव्हाच मशीन चालू असे, म्हणून वेळ लावली गुरुवार दुपारची. पुढे सरकारनं वीकेंड बदलून शुक्रवार-शनिवार केला. सावंतसाहेबांनी दारावर नवा बोर्ड लावला, सगळ्यांना मेल पाठवला, चहावाल्यालाही आठवणीनं सांगितलं. कम्प्युटरला कुणी सांगितलंच नाही. गुरुवारी खोलीला कुलूप, मेन स्विच बंद. शनिवारी सगळं चालू, पण वार शनिवार.

"वेळ बदलली तर मला कळवा, असं मी बजावलं होतं ना?"

"तुम्हीच म्हणालात मॅडम, ऑटोमॅटिक आहे!"

मी कपाळावर हात मारला. जुन्या यादीत ओ निगेटिव्ह तिघं होते. पहिला कायमचा गावी गेलेला. दुसऱ्याचा फोन भलत्याच माणसानं उचलला, "वो तो दुबई गया, सिम मेरे पास है." तिसरा सुट्टीवर केरळात. प्रत्येक फोन ठेवला की यूनुस हळूच विचारायचा, "ताई, गावला काय कोन?" मी नकाराची मान हलवायचे. त्याच्या त्या विचारण्यापेक्षा त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"यंदाच्या रक्तदान कॅम्पला जे नवे लोक आले, त्यांचे फॉर्म कुठे आहेत?"

"फाडून टाकले. पेपरलेस झालो ना आपण," साहेब अभिमानानं म्हणाले.

चरफडत मी मोबाईल हातात घेतला आणि एकदम आठवलं. कॅम्पनंतर मलाही थँक यूचा मेसेज आला होता, त्यात माझा रक्तगट होता. म्हणजे सगळ्यांचे नंबर आणि गट एकदा कुठूनतरी बाहेर गेले होते. एकगठ्ठा मेसेज पाठवणाऱ्या वेबसाइटवर पाठवलेलं सगळं जपून ठेवलेलं असतं.

"साहेब, त्या वेबसाइटचा पासवर्ड?"

"कम्प्युटरमध्ये सेव्ह आहे."

"कुठल्या कम्प्युटरमध्ये?"

त्यांनी त्या ओल्या सीपीयूकडे बोट दाखवलं. वेबसाइटवाल्यांना फोन केला तर टेप वाजली, शुक्रवारी आणि शनिवारी ऑफिस बंद. शेवटी पासवर्ड बदलायची लिंक साहेबांच्या मेलवर मागवली. ती स्पॅममध्ये पडली. साहेबांना स्पॅम म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आणि चष्मा गाडीत होता. "यल्ला साहेब, चला लवकर, फोन इकडे द्या!" मी ओरडलेच.

यादी तिथे होती. पुरीच्या पुरी. ओ निगेटिव्ह शोधलं, चार मेसेज निघाले. दोघांचे फोन लागले. एक रूवीचाच. दुसरा मस्कतबाहेरचा, निझवा गावच्या सूकमधला, म्हणजे बाजारातला, दुकानदार. तो म्हणाला, "कल सुबह आता हूँ मॅडम, दुकान भाई देखेगा." मी यूनुसकडे पाहून मान डोलावली. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला रडू आलं, आणि ते साहेबांना दिसू नये म्हणून मी उगाच केबल गुंडाळत बसले.

रविवारी दोघांनीही रक्त दिलं. सोमवारी दुपारी ऑफिसात साहेबांचा फोन आला.

"मॅडम, मुलगी झाली! दोघी ठणठणीत. आणि गंमत बघा, रक्त लागलंच नाही. उगाच एवढी धावपळ केली आपण."

"यूनुसला अभिनंदन सांगा," म्हणून मी फोन ठेवला.

मग नवीन कम्प्युटर आला तेव्हा बॅकअप असा लावला की मशीन चालू झालं की आधी तोच होईल, वार कुठलाही असो, आणि कॉपी इंटरनेटवरून बाहेर जाईल. झाला नाही तर तक्रारीचा मेल मला येतो. यातलं काहीही मी सावंतसाहेबांना सांगितलेलं नाही. ज्याला 'लागलंच नाही' म्हणजे 'उगाच केलं' असं वाटतं, त्याच्या हातात बॅकअप देऊ नये.