सामाईक भिंत

मी तुळिंजला चाळीत राहते. बैठ्या चाळीत. कुणी विचारलं की माझी मुलगी म्हणते, आई नालासोपाऱ्याला असते, आणि विषय बदलते. मी कशाला बदलू? एका रांगेत खोल्या, वर सिमेंटचे पत्रे, आत मोरी, मोरीच्या डोक्यावर पोटमाळा. पाऊस जोरात झाला की गल्लीतलं पाणी उंबरा ओलांडतं आणि आम्ही कॉट विटांवर चढवतो. हे सगळं आहे, मी लपवत नाही. पण गेल्या वर्षी पोरीने विरार पश्चिमेला टॉवरमध्ये माझ्यासाठी फ्लॅट घेतला आणि फोनवर म्हणाली, "आई, आता तू त्या खोलीतून सुटलीस." माझ्या डोक्यात तिडीकच गेली. सुटायला मी काय तुरुंगात होते?

घरं मी काही कमी पाहिलेली नाहीत. लग्न होऊन कोकणातून आले तेव्हा नवऱ्याने दर रविवारी हिंडवलं होतं. वसईजवळ पापडीला वाडीतली कौलारू घरं पाहिली, दारात विहीर, मागे केळी. ती विकायची नव्हतीच, आपली नुसती बघून यायची. चार मजली बिल्डिंगमधला वन रूम किचन पाहिला, तो आमच्या आवाक्यातला नव्हता. मग ही खोली मिळाली. इथेच पोरगी पोटमाळ्यावर बसून शिकली आणि इथूनच इंग्लंडला गेली. तिथे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करते, एकटी राहते. तिचे बाबा गेल्यापासून मीही एकटीच. सकाळी पोळीभाजीचे डबे करून देते. माझं कुणावाचून अडत नाही.

आता भिंतीचं सांगते. माझी आणि शेजारणीची भिंत एकच. शेजारीण घाटावरची, माझ्याच वयाची, तिचाही नवरा नाही. सकाळी पोळ्या लाटायला घ्यायच्या आधी मी लाटण्याच्या टोकाने भिंतीवर दोनदा ठोकते. पलीकडून ती तांब्याने दोनदा ठोकते. म्हणजे मी उठले, तू उठलीस, चालू दे. उत्तर आलं नाही तर जाऊन बघायचं. एकदा मला सणकून ताप भरला होता, उठवेचना. माझ्या खोलीची दुसरी चावी तिच्याकडे असते. ती कुलूप काढून आत आली, कपाळावर हात ठेवला, मला चार शिव्या घातल्या आणि रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. गोड बोलणं तिला जमत नाही. मलाही नाही.

फ्लॅट घ्यायच्या आदल्या उन्हाळ्यात पोरीने मला तिच्याकडे नेलं होतं. विमानतळावरून जाताना मला घरं दाखवत होती. एकेकटं सुटं घर असलं की ते पैसेवाल्यांचं. दोन घरं एका भिंतीला चिकटलेली असली की मधल्या लोकांचं. आणि अख्खी रांग एकमेकांना चिकटलेली असली की ते साध्या माणसांचं. तिचं घर रांगेतलं. मी गाडीतून उतरले, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि म्हटलं, "अगं, ही तर चाळ!" तिने दचकून आजूबाजूला बघितलं. मराठी कळणारं तिथे चिटपाखरू नव्हतं, तरी बघितलं.

माझ्या मते चाळच. वर एक मजला, मधून अरुंद जिना आणि जिन्यावर गालिचा, एवढाच काय तो फरक. बेसिनला नळ दोन, एकातून चटका, दुसऱ्यातून बर्फ. कोमट पाणी हवं असलेल्या माणसाने काय करायचं ते कुणी सांगेना. बाथरूममध्ये फरशीवर पाणी सांडलं की पोरगी फडकं घेऊन धावत यायची. कपडे रस्त्याच्या बाजूला वाळत घालायचे नाहीत. आणि दारं, दिवसाढवळ्या सगळ्यांची बंद. दुपारी खिडकीत बसून मी रस्त्यावर एखादा माणूस दिसतो का बघायची.

शेजारी एक म्हातारा होता, एकटा. बायको वारलेली, मुलं लांब. दिसायचा क्वचित, पण भिंतीतून त्याचा रेडिओ ऐकू यायचा. मला तिथे पहाटेच जाग यायची. पहिल्याच दिवशी पोळ्या लाटायला घेतल्या आणि हात आपोआप भिंतीकडे गेला. दोनदा ठोकलं. पलीकडचा रेडिओ बारीक झाला. मला वाटलं, नीट ऐकायला केला असेल. पुन्हा ठोकलं, तर बंदच झाला. म्हटलं, लाजाळू दिसतोय बाबा. मग मी रोज ठोकत राहिले आणि तो रोज रेडिओ बंद करत राहिला.

एका शनिवारी तो दारात उभा. इस्त्रीचा शर्ट, हातात बिस्किटांचा डबा, तोंड लालबुंद. माझ्याकडे बघून कितीदा तरी सॉरी म्हणाला. पोरीने त्याला घाईघाईने इंग्रजीत काहीबाही सांगून वाटेला लावलं आणि दार लावून घेतलं. मग मला कळलं. तिथे भिंत ठोकली की त्याचा अर्थ, तुमचा आवाज बंद करा. तो बिचारा समजत होता की त्याच्या रेडिओने माझी झोपमोड होते. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, जा आणि त्याला खरं सांग, आपल्याकडे हे कशासाठी करतात ते. पण तिने आधीच सांगून टाकलं होतं, की आई खिळा ठोकत होती, भिंतीवर फोटो लावायला.

"आई, प्लीज," ती म्हणाली, "इथे चाळीसारखं वागू नकोस."

झोंबलं मला ते. मी नारळाच्या वड्या केल्या आणि स्वतः त्याच्या दारात नेऊन दिल्या. पण माझं इंग्रजी 'प्लीज ईट'च्या पुढे सरकेना. त्याने हात जोडायचा प्रयत्न केला, दार हळूच लावलं, आणि दुसऱ्या दिवसापासून रेडिओ आणखीच बारीक.

या वर्षी पोरगी सुट्टीवर आली ती टॉवरची चावी घेऊनच. चालताना एक पाय जरा ओढत होती. विचारलं तर म्हणाली, बूट चावतोय. दुसऱ्याच दिवशी मला टॉवर बघायला घेऊन गेली. गेटवर वॉचमनने फोटो काढला, मग लिफ्टने वर. फ्लॅट चांगला होता, खोटं कशाला बोलू. लख्ख फरशी, लांबलचक ओटा, गॅलरीतून खाडी दिसत होती. दाखवणारा माणूस मोठ्या कौतुकाने म्हणाला, "मावशी, शेजारचा आवाज अजिबात येत नाही." मी विचारलं, शेजारी कोण आहे? तर कुणीच नाही, मालक दुबईला असतो. हॉलच्या छताला पोरीने कॅमेरा बसवून घेतला होता. तिने मोबाइलमध्ये मला मीच दाखवली, वरून दिसणारी, भांगातले केस विरळ झालेली. म्हणाली, मी तिकडून कधीही बघू शकेन तुला.

"मी इथे राहणार नाही," मी म्हटलं आणि चपला घातल्या.

खोलीत आल्यावर आमचं जुंपलं, म्हणजे मीच तोंड सोडलं. म्हटलं, तुला माझी लाज वाटते. तुला चाळीतली आई नको आहे, फोटोतल्यासारखी आई पाहिजे, वरून बघायला. शिकून मोठी झालीस ती याच पत्र्याखाली, आणि आता तुला याचंच नाव घ्यायला नको. ती कॉटवर बसली आणि सलवार घोट्याच्या वर सरकवली. तिथे टाक्यांचा लांब व्रण होता.

"तू येऊन गेलीस त्याच हिवाळ्यात जिन्यावरून पडले," ती म्हणाली. "हाड मोडलं होतं. मोबाइल वर राहिला. संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी जिन्याखाली पडून होते."

मला आठवलं. तेव्हा तिने माझा फोन उचलला नव्हता, आणि नंतर ड्युटी होती म्हणाली होती. म्हटलं, अगं, शेजारच्याला हाक मारायची ना.

"आधी लाज वाटली. मग ओरडले, पण तू गेल्यावर तो रेडिओ पुन्हा मोठा लावायचा, त्यात त्याला ऐकू जाईना. घसा बसला. मग मी भिंत ठोकली. त्याने रेडिओ बंद केला, आई. आणि जिना चढून वर गेला. त्याची पावलं ऐकू येत होती मला."

दुसऱ्या दिवशी दारातल्या पत्रं टाकायच्या फटीतून पार्सलवाल्याला तिचं कण्हणं ऐकू आलं, म्हणून सुटली. तेव्हापासून तिच्या मनाने घेतलं होतं, की आई एकटी आहे, आईचंही असंच झालं तर. म्हणून टॉवर, म्हणून कॅमेरा. मी तिला जवळ घेतलं. पण राग काही जाईना, आणि तो का जावा?

"पडलीस तू तिथे," मी म्हटलं, "आणि घर माझं बदलतेस?"

त्या म्हाताऱ्याला सांगितलंस का, विचारलं. नव्हतं सांगितलं. तो अँब्युलन्स बघून नंतर चौकशीला आला होता, तर ही म्हणाली, पाय मुरगळला. का, म्हटलं, तर माझ्यावरच चिडली.

"काय सांगू? मी पडले तर ये, असं कुणी कुणाला सांगतं का?"

"मी सांगितलं होतं."

तिला हे माहीत नव्हतं. तिला वाटायचं, मी आणि शेजारीण पहिल्यापासूनच जिवाभावाच्या. कसल्या जिवाभावाच्या! नळावरून आमचं वाजलं होतं. तिने माझा भरलेला हंडा कलंडवला, मी तिची वेणी ओढली, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं आम्ही एकमेकींचं तोंड बघत नव्हतो. मग पोरीचे बाबा गेले. दिवसपाणी उरकलं, पाहुणे गेले, पोरगी परत गेली. त्या संध्याकाळी मी एकटी बसले होते आणि मला भीती वाटली. मरायची नाही, मेल्यावर कुणाला कळणार नाही याची. मी उठले आणि शेजारणीच्या दारात जाऊन उभी राहिले. जीभ रेटत नव्हती. म्हटलं, सकाळी मी भिंत ठोकीन, नाही ठोकली तर येऊन बघ. ती हातात पळी घेऊन माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दोनदा ठोक. एकदा तर भांडं पडलं तरी वाजतं."

मग पोरीने विचारलं, फ्लॅटचं काय करू?

"भाड्याने दे. आधी त्याला फोन लाव."

एकमेकांची पार्सलं ठेवून घ्यायला तिने त्याचा नंबर घेतलेला होता. नको, नंतर, तिकडे गेल्यावर सांगते, असं तिचं चाललं होतं. मी समोरून हलले नाही. शेवटी तिने लावला. तिचं इंग्रजी भरभर चालू झालं, मला त्यातलं 'मदर' आणि 'वॉल' एवढं समजलं. मग त्याने काहीतरी विचारलं, पोरगी "येस" म्हणाली आणि हमसून रडायला लागली.

"काय विचारलं त्याने?"

"मी रेडिओ बंद केला तेव्हा तू खाली पडलेली होतीस का, म्हणाला."

मी तिच्या हातून फोन घेतला. प्लीज ईट सोडून मला दुसरं काही येत नव्हतं, म्हणून मराठीतच सांगितलं, चांगलं मोठ्याने, की यापुढे भिंत वाजली की उठायचं आणि यायचं, समजलं? त्याला काय समजलं असेल ते असो. पण रडत रडत येस म्हणाला.