खोडलेली ओळ

मन्मथअप्पांना उघडी वस्तू बघवत नसे. जेवताना मधेच उठून ते माझ्या डब्याला झाकण लावायचे, आणि मी अजून भाजी घेतलेलीसुद्धा नसायची. परक्याच्या घरी कपाटाचं दार किलकिलं दिसलं, तरी हातातला चहा खाली ठेवून ते लोटून यायचे. "अप्पा, एक दिवस तुम्ही बोलणाऱ्याचं तोंडही मिटवाल," असं मी चिडवायची. ते कपाळावरचं भस्म सावरत हसायचे.

"मीनाताई, उघडलं की झाकायचं. आपल्या कामाचं शास्त्र एवढंच हाय."

काम म्हणजे बीडमधलं आमचं कॉम्प्युटर सेंटर. गावोगाव इंटरनेटच्या पाट्या नुकत्याच लागत होत्या. आष्टीचं कापडदुकान भावांवर सोडून अप्पा या नादाला लागले होते. मी त्याआधी दहा वर्षं तहसीलबाहेर बसून लोकांचे अर्ज टाइप केलेले. सेंटरवर लोक तक्रारी घेऊन यायचे, मी त्या वेबवरच्या फॉर्ममध्ये भरायची आणि तिथून त्या एक्सएमएल नावाच्या काटेकोर साच्यातली फाइल होऊन वरच्या कचेरीत जायच्या.

त्या फॉर्मच्या चौकटीत अक्षर ठळक करता यायचं, रंगवता यायचं, खाली रेघ ओढता यायची. अशा प्रत्येक सजावटीमागे सुरुवातीला एक खूण आणि शेवटी एक खूण असते. ब्राउझर या खुणा कशाही टाकायचा, आणि एक्सएमएलला तसलं काही चालत नाही. एक खूण बंद करायची राहिली की वरचं मशीन अख्खी फाइल परत पाठवायचं. म्हणून अप्पांनी एक प्रोग्राम लिहिला. तो परिच्छेद आणि ठळक अक्षरं ठेवायचा, त्यांच्या खुणा नीट बंद करायचा आणि बाकी सगळी सजावट फेकून द्यायचा. फाइली परत येणं थांबलं. अप्पांनी जिलेबी आणली.

मग एका दुपारी नांदूरघाटच्या कौसाबाई आल्या. त्यांच्या मुलीला, उषाला, नर्सिंगला जागा मिळाली होती, पण शाळा दाखला देत नव्हती. कौसाबाईंनी ग्रामसभेत 'मास्तर शाळेत कावून येत न्हाईत' असं विचारलं होतं, त्याचा हा राग. प्रवेशाला आठ दिवस उरले होते. सोबत शाळेचा कारकून 'मदतीला' म्हणून आलेला. तो डोक्यावर उभा, म्हणून बाईंनी सांगितलं, "माझी कुणावर तक्रार न्हाई." मी ते लिहिलं. कारकून तंबाखू आणायला बाहेर गेला, तशा त्या पुढे वाकल्या.

"ताई, खोडा ते. आता खरं लिव्हा."

तहसीलच्या दारात मी एक गोष्ट पक्की शिकले होते. अर्जातलं काही पुसायचं नसतं. आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही. अप्पांनाही मी हे कौतुकानं सांगितलं होतं. फॉर्ममध्ये सहीची सोय नव्हती, पण आडव्या रेघेचं बटण होतं. मी ते वाक्य खोडलं आणि खाली सगळी हकिकत लिहिली.

अप्पांच्या प्रोग्रामला ती रेघ सजावटच वाटली. रेघ गेली, वाक्य राहिलं, तेही सगळ्यात वर. फाइल अगदी निर्दोष होऊन वर पोचली. पाचव्या दिवशी उत्तर आलं: "तक्रारदाराची तक्रार नसल्याने प्रकरण बंद."

अप्पांनी ते तीनदा वाचलं. मग मूळ नोंद काढून बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. फोनवर त्यांनी हातापाया पडायचं तेवढं पडून घेतलं. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "एकदा बंद झालेलं प्रकरण उघडता येत नाही." दुसऱ्या दिवशी अप्पा पहिल्या एसटीनं नांदूरघाटला गेले आणि शाळेच्या बाकावर ठाण मांडून बसले. दाखला हातात पडला तो नवव्या दिवशी. उषाची जागा आदल्या दिवशीच दुसरीला गेली होती.

दाखला द्यायला आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. कौसाबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, म्या खोडा म्हणलं हुतं की!"

मी तोंड उघडायच्या आत अप्पा बोलले, "त्यांनी खोडलं हुतं, बाई. रेघ म्या पुसली."

उषानं दाखला घेतला, एकदा वाचला आणि पेटीत ठेवला. पुढच्या वैशाखात तिचं लग्न झालं. अप्पांनी सगळा दोष स्वतःकडे घेतला, याचा मला तेव्हा राग आला होता. ते बटण मीच दाबलं होतं. साधं पुसून टाकलं असतं तर ती मुलगी आज नर्स असती, हे माझ्या मनातून जात नाही.

अप्पांनी त्याच आठवड्यात प्रोग्राम बदलला. ठेवायच्या खुणांमध्ये आडवी रेघ सगळ्यात वर लिहिली. पण उघडलं की झाकायचं, हे पुन्हा कधी त्यांच्या तोंडी आलं नाही. माझा डबा उघडाच राहायचा, आणि मला जेवण जायचं नाही.

तीन वर्षांनी अप्पा हृदयविकारानं गेले. त्यांचा खण मीच रिकामा केला. तळाशी कौसाबाईंच्या तक्रारीचा कागद होता, वरच्या कचेरीत गेला तसाच छापलेला. 'माझी कुणावर तक्रार नाही' या ओळीवर लाल पेनानं आडवी रेघ मारलेली होती. खालची अक्षरं वाचता येत होती. शेजारी अप्पांची सही होती.