बसून शिवणापाणी

लेकीच्या वाघोलीच्या घराच्या गॅलरीतून खाली एक रंगीबेरंगी बालशाळा दिसते. काल तिथे हिरव्या प्लॅस्टिकच्या गवतावर मुलं पळत होती आणि पायाला पट्टे बांधलेली एक चिमुरडी भिंतीशी खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होती. तिला तेवढंच काम दिलेलं! अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. तुम्ही म्हणाल, या वयात एवढा कसला राग? सांगते.

कात्रजला पत्र्याच्या खोलीत आमची बालवाडी भरायची. मी जेमतेम सातवी शिकलेली. पोरांना शिकवायचं कसं, ते पोरांकडूनच शिकत होते. चिंचोके, रिकाम्या काड्यापेट्या, भिजवलेली माती आणि समोरचं अंगण, एवढंच आमचं भांडवल. एका वर्षी पोलिओने दोन्ही पाय गेलेली एक मुलगी आली. शिवणापाणी खेळताना मी तिला मोठ्या मायेने लिंबूटिंबू केलं. म्हणजे खेळात आहे, पण तिच्यावर राज्य येणार नाही. कार्टी कडाडली, "मी नाही लिंबूटिंबू! माझ्यावर पण राज्य येऊ द्या!" तोडगा पोरांनीच काढला, "मग सगळ्यांनी बसूनच पळायचं." झालं! वीस पोरं ढुंगणावर सरकतायत, किंचाळतायत, धुळीने माखतायत. आणि सगळ्यांत चपळ कोण, तर तीच; हातांत बळ होतं ना तिच्या! आता याला मोठमोठी नावं आहेत म्हणे. आमच्याकडे नाव नव्हतं, धूळ होती.

मग आया आल्या. "अहो बाई, चड्ड्या मळतात ते सोडा, हिचं बघून आमची घरीसुद्धा फरफटत चालतात. सवय लागली म्हणजे?" अगं, पांगळेपण म्हणजे काय खरूज आहे, खेळता खेळता लागायला? हे मी तोंडावर विचारायला हवं होतं. नाही विचारलं. बालवाडी चालवणाऱ्या मंडळाच्या कार्यवाहांनी फर्मावलं, "उद्यापासून तिला पाठवू नका म्हणावं." आणि नोकरी जाईल या भीतीने, दुपारी तिची आई न्यायला आली तेव्हा, मी ते जसंच्या तसं सांगितलं.

रंगात आलेल्या खेळातून त्या माउलीने लेकीला उचललं. पोरगी आईच्या खांद्यावरून ओरडत होती, "थांब ना, माझ्यावर राज्य आहे अजून!" बाकीची पोरं तशीच धुळीत बसून राहिली, ती परत येईल म्हणून. शेवटी मीच खेकसून उठवलं त्यांना.

वर्षं लोटली. आयांवरचा राग निवला, कार्यवाहांवरचाही विझला. वयाबरोबर माणूस मऊ होतं म्हणतात. झाले असेन. स्वतःवरचा हा एक राग मात्र मी अजून मऊ होऊ दिलेला नाही.